फोटोत न आलेलं

टेबलावर फोटो ठेवला की ठेवणाऱ्याने पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही, हा माझ्या वर्गातला एकुलता एक कडक नियम. उशिरा आलात तरी चालतं, कॅमेरा घरी विसरलात तरी चालतं, मोबाइलवर काढलेला फोटो आणलात तरी माझी हरकत नसते. पण ती पाच मिनिटं गप्प. बाकीच्यांनी फोटोकडे बघून जे दिसतंय ते बोलायचं आणि ज्याचा फोटो त्याने ऐकायचं.

सध्याच्या तुकडीत एका मुलीने एका दाराचा फोटो ठेवला. अर्धवट उघडं दार, उंबऱ्यावर तिरकी पडलेली उन्हाची पट्टी, कडेला चपलांचा एक जोड. ठेवता ठेवताच ती म्हणाली, "सर, हे ना, त्या दिवशी..." मी ओठांवर बोट ठेवलं. मग चर्चा सुरू झाली. एकाला उन्हाची पट्टी आवडली. दुसऱ्याला दार फारच मधोमध आल्यासारखं वाटलं. कुणी म्हणालं, आता आतून कुणीतरी येणार आणि चपला घालून बाहेर पडणार. एक जण म्हणाला, छान आहे, पण अशी दारं पुष्कळ बघितलीत.

पाच मिनिटं संपली आणि तिला बोलायची मुभा मिळाली, तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. ते तिच्या आजोबांचं घर. दुसऱ्या दिवशी ते नव्या मालकाच्या ताब्यात जाणार होतं. चपला आजोबांच्या. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्या चपलांना हात लावायचा घरात कुणाचा जीव झाला नव्हता.

वर्ग चिडीचूप. जो 'पुष्कळ बघितलीत' म्हणाला होता, त्याने मान खाली घातली.

"म्हणजे यातलं काहीच आलं नाही का फोटोत?" तिने विचारलं.

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पूर्वी मी नेतही असे. पण आता वय झालं, त्यामुळे असेल, खरं बोलायला कमी कष्ट पडतात. मी म्हणालो, "नाही आलं. तुझ्याकडे त्या दिवशीचे अजून फोटो आहेत ना? पुढच्या वेळी सगळे घेऊन ये."

गेली कित्येक वर्षं मी हेच शिकवत आलोय, फक्त त्याला 'फोटोत न आलेलं' हे नाव बऱ्याच उशिरा सापडलं. फोटो काढणारा स्वतःच्या फोटोकडे बघतो तेव्हा त्याला जे दिसतं, त्यातलं निम्मंशिम्मं कागदावर नसतंच. ते त्याच्या डोक्यात असतं. तिथला वास, वाऱ्याचा आवाज, त्या एका क्षणासाठी पाऊण तास एका पायावर काढलेला असतो त्याची कळ. बघणाऱ्याच्या हाती यातलं काही लागत नाही. त्याच्यासमोर चार कडांमध्ये सापडलेला प्रकाश आहे, तेवढाच. स्वतःच्या फोटोकडे परक्यासारखं बघता येणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती कुठल्याही लेन्सबरोबर मिळत नाही.

ज्यांच्याकडे मी शिकलो त्या सरांची पद्धत माझ्यापेक्षा निर्दय होती. मी प्रिंट पुढे केली की ते ती उलटी धरायचे, डोकं खाली पाय वर. "हं, आता सांग." पहिले काही महिने मला हा निव्वळ खवचटपणा वाटे. हळूहळू कळलं. फोटो उलटा केला की माणूस माणूस राहत नाही, झाड झाड राहत नाही. उरतात ते काळे-पांढरे आकार, त्यांचं वजन, त्यांची आपसातली ओढाताण. नावाड्याचा एक फोटो मी मोठ्या प्रेमाने काढला होता. तो उलटा केल्यावर दिसलं, की वरच्या कोपऱ्यात पाण्यावर तरंगणारी एक पांढरी पिशवी सबंध फोटोत सगळ्यात जास्त चमकतेय. डोळा आधी तिथे जात होता, नावाड्याकडे नंतर, वेळ मिळाला तर. काढताना ती पिशवी मला दिसलीच नव्हती. दिसली नव्हती म्हणजे काय, समोरच होती! पण मी नावाड्यावर इतका लुब्ध होतो, की डोळ्यांनी ती परस्पर वगळून टाकली. डोळे असं करतात. कॅमेरा करत नाही.

त्यांची दुसरी पद्धत त्याहून छळणारी. तेव्हा रोलचे दिवस. ३६ फोटो, मग संपलं. रोल संपला की मला तो लगेच धुवायची घाई असे, आणि सर तो माझ्या हातातून काढून घेऊन एका पत्र्याच्या डब्यात टाकत. वर चिकटपट्टी लावून तारीख लिहीत. महिन्याने परत मिळे. "ताजा फोटो सगळ्यांनाच आवडतो," एवढंच स्पष्टीकरण. महिन्याभरात तो दिवस, ते ऊन, आपण कुठे उभे होतो, हे सगळं पुसट होऊन जाई, आणि रोल धुऊन निगेटिव्ह उजेडाकडे धरली, की कुणा दुसऱ्याचेच फोटो बघितल्यासारखं वाटे. त्यातले बरेचसे सामान्य निघत. मन दुखायचं खरं, पण महिन्यापूर्वी दुखलं असतं त्याच्या निम्मं.

पुढे वाचनात आलं, की न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य घालवलेला छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड हेच करायचा, आणि तेही वर्ष-वर्षभर थांबून. फोटो काढतानाची मनःस्थिती निवडीच्या आड येऊ नये, हे त्याचं कारण. १९८४ साली तो वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले सापडले. म्हणजे औषधाची मात्रा अंमळ जास्तच झाली म्हणायची. पण रोग त्याने बरोबर ओळखला होता.

डार्करूम आता माझ्या वर्गात नाही आणि तिच्या आठवणीने उसासे टाकत बसणाऱ्यांतला मी नाही. त्या रसायनांच्या वासाने डोकं धरायचं, बोटं पिवळी पडायची. तरीही एक गोष्ट मुलांना दाखवता येत नाही याची रुखरुख लागते. निगेटिव्हमधून प्रकाश पाडलेला, पण दिसायला कोराच कागद तांबड्या उजेडात डेव्हलपरच्या, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये सोडायचा. ट्रेचा एक कोपरा उचलून हलकेच झुलवत राहायचं. काही सेकंद काहीही होत नाही. मग कुठेतरी एक करडा डाग उमटतो. आधी येतात ते सगळ्यात काळे भाग: केस, बुबुळं, दाराआडचा अंधार. चेहऱ्याची गोरी बाजू शेवटी, कधी कधी इतकी शेवटी की आपण श्वास रोखून बसलेले असतो. सर म्हणायचे, पहिलं काय आलं ते लक्षात ठेव, फोटोचा सांगाडा तो. स्क्रीनवर फोटो एकदम सगळाच्या सगळा येतो. त्याचा सांगाडा बघायची संधी त्यामुळे हुकते.

आणि एकदा निगेटिव्ह हाती आली म्हणजे काम संपलं, असंही तिथे कुणी मानत नसे. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सची गोष्ट मी दर तुकडीला सांगतो. १९४१ सालच्या एका संध्याकाळी गाडीने जाताना त्याला न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ हे खेडं दिसलं. वर चंद्र, खाली चर्चच्या आवारातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. गाडी थांबवून त्याने तो अवजड कॅमेरा मांडला, तर प्रकाशमापक सापडेना. चंद्र किती तेजस्वी असतो हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला, एक निगेटिव्ह घेतली, आणि दुसरी घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन निघून गेलं होतं. गोष्ट इथवर आली की मुलं खूश होतात, आणि मला खरं तर पुढचं सांगायचं असतं. त्या एका निगेटिव्हवरून त्याने उरलेल्या आयुष्यात १,३०० हून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. वर्षं जातात तसं आकाश काळं होत जातं. अॅडम्सचं तरुणपण पियानो शिकण्यात गेलं होतं. निगेटिव्ह म्हणजे त्याला लिहिलेली स्वरलिपी वाटे आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष वादन. एकच चीज माणूस तिशीत एका तऱ्हेने वाजवतो, सत्तरीत वेगळ्या.

तंत्र शिकवायला फार दिवस लागत नाहीत, हे मी सांगतो तेव्हा पालकांचा आणि काही शिक्षकांचाही विश्वास बसत नाही. महिनोन्महिने बटणं आणि मेनू शिकवणारे वर्ग मी बघितलेत. मला चार दिवस पुरतात. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हातच लावू देत नाही. सगळ्यांना झाडाखाली नेतो आणि कवडसे दाखवतो.

कवडसा हा शब्द ज्या भाषेत आहे तिला छायाचित्रण शिकवणं सोपं जातं. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात. तिकोनी, चिरलेल्या, कशाही. पण जमिनीवर पडलेले कवडसे गोल. असं का, म्हणून विचारलं की आधी सगळे गप्प होतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, सूर्य गोल आहे म्हणून? तेच. प्रत्येक कवडसा सूर्याचा एकेक फोटो आहे. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पसरलेल्या दिसतात त्या याच कारणाने. बारीक भोक, समोर पडदा. कॅमेऱ्याचं मूळ एवढंच. भोकाला काच बसली, पडद्याच्या जागी आधी फिल्म आणि मग सेन्सर आला, पण भोकाने काही जात बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या भोकाचे आकडे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे कुणी तापात लिहिलेत. पण प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे, कारण भोकाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास तेवढ्या पटीने कमी व्हावा लागतो. एक पायरी सरकली की प्रकाश निम्मा. आकडा मोठा, तर भोक लहान. हे उलटं गणित डोक्यात बसायला अर्धा तास लागतो, आणि विसरायला एक सुट्टी.

तिसरा दिवस माझा सगळ्यात आवडता. पांढराशुभ्र कागद आणि काळं कापड, दोन्ही शेजारी शेजारी टांगतो. आधी कागद पूर्ण फ्रेमभर घेऊन साध्या ऑटोवर फोटो काढायचा, मग तसाच कापडाचा. मग दोन्ही फोटो जोडीने बघायचे. दोन्ही करडे! कुठला कागद आणि कुठलं कापड, हे पटकन सांगता येत नाही. आतला प्रकाशमापक हा एक इमानी पण बिनडोक कारकून आहे. त्याला एकदा शिकवून ठेवलंय, की जगातली प्रत्येक गोष्ट सरासरी मध्यम करडी असते. म्हणून त्याला बर्फ दाखवला तर तो बर्फ मळवतो, आणि काळं कुत्रं दाखवलं तर त्याला राख फासतो. बर्फ पांढरा यायला हवा असेल तर कारकुनाचं न ऐकता एक-दोन स्टॉप, म्हणजे कालच्या एक-दोन पायऱ्या, जास्त प्रकाश आपण द्यायचा. यावर मुलं हसतात, पण त्या हसण्यात काहीतरी लख्ख झालेलं असतं. कॅमेरा बघत नाही, मोजतो. बघायचं काम अजून आपल्याच गळ्यात आहे.

चौथ्या दिवशी शटर. तेव्हा मी त्यांना १८३८ सालात घेऊन जातो. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, लुई दागेर, याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या बुलेव्हारचा फोटो घेतला. हमरस्ता, घोडागाड्या, दिवसाढवळ्याची वर्दळ. प्लेटवर प्रतिमा उमटायला तेव्हा मिनिटंच्या मिनिटं लागत. एवढ्या वेळात जो जो हलला तो तो पुसला गेला. फोटोत रस्ता ओस पडलाय. एका कोपऱ्यात मात्र एक जण बूट पॉलिश करून घेत एक पाय वर ठेवून उभा राहिलेला, म्हणून तेवढा तो आला, आणि त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवाला धूसर उमटला. फोटोत सापडलेली पहिली माणसं म्हणून आज जग या दोघांना ओळखतं, नावं कुणाचीच माहीत नाहीत. रस्ता गजबजलेला होता हे दागेरला ठाऊक होतं. प्लेटला ते ठाऊक नव्हतं.

त्याच्याही दहा-बारा वर्षं आधी, १८२६-२७ च्या सुमाराला, निसेफोर निएप्स या फ्रेंच संशोधकाने आपल्या खिडकीतून जो फोटो घेतला, त्यात याच्या उलट गंमत आहे. त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात सूर्य आभाळाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला. त्यामुळे अंगणाच्या दोन्ही अंगांच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. असं दृश्य कुठल्याच माणसाने कधी पाहिलेलं नाही. म्हणजे फोटो जन्मला तोच असा. होतं ते आलं नाही, आणि नव्हतं ते आलं.

त्या मुलीला मी हे दोन्ही फोटो पुन्हा दाखवले. दाराच्या फोटोनंतरच्या आठवड्यात ती त्या दिवशीचे सगळे, चाळीसेक फोटो घेऊन आली होती. आम्ही ते लहान लहान छापून टेबलभर पसरले.

मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्रही काढतो, काटाही काढतो, आठवणही काढतो. दाणा टिपावा तसा क्षण 'टिपतो' असंही म्हणतो, पण मला काढणं जास्त खरं वाटतं. चित्रकारासमोर कोरा कागद असतो आणि तो त्यात एकेक गोष्ट घालत जातो. आमच्यासमोर अख्खं जग आधीच खचाखच भरलेलं. आम्हाला त्यातून काढत जावं लागतं. ही तार काढ, ती गाडी काढ, तो हसरा काका काढ. काढायची साधनं दोनच, चौकट आणि पाय. शिकाऊ माणूस झूम फिरवतो, पाय हलवत नाही. दोन पावलं डावीकडे सरकलं तर माणसाच्या डोक्यातून उगवलेला खांब त्याच्या खांद्यामागे जाऊन दिसेनासा होतो, हे कळायला कित्येकांना वर्ष लागतं. मला दीड लागलं.

चौकट काढतानाच पुरी व्हावी, मागाहून कात्री लावू नये, हे फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँचं व्रत या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा जगप्रसिद्ध फोटो कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून घेतला होता, कडेला फळी आड आली, ती छाटावी लागली. व्रत मोडल्याचा हा पुरावा मी मुद्दाम दाखवतो. व्रतं करणाऱ्या विद्यार्थ्यांची मला थोडी भीती वाटते.

आणि अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिआ लँग. मार्च १९३६. महिनाभराचं काम संपवून ती पावसात घरी चालली होती. कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली, आणि ती थांबली नाही. वीस मैल पुढे गेली. डोक्यात वाद चालू. मग गाडी वळवून परत आली. तंबूपाशी तिने घेतलेले फोटो हातावर मोजण्याइतके आहेत, आणि ते एकापुढे एक ठेवले की तिची पावलं दिसतात. लांबून तंबू, मग जवळ, मग आणखी जवळ. सामान गेलं, तंबू जवळजवळ गेला. जगाला माहीत असलेल्या शेवटच्या फोटोत आईचा चेहरा आहे, मांडीवर तान्हं आहे, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांनी तोंडं फिरवलेली आहेत. दोन चेहरे काढले, तेव्हा तिसरा दिसला. हा धडा मी वर्षानुवर्षं एवढाच शिकवत असे. पण त्या बाईचं नाव लँगने विचारलंच नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडलं, आणि त्या फोटोबद्दल तिच्या मनात कौतुकापेक्षा तक्रारच होती. आता मी हेही सांगतो आणि पुढे काही बोलत नाही. मुलं आपसात भांडतात. भांडू देतो.

तर टेबलावर चाळीस फोटो. दाराचे पंधरा, खिडक्यांचे सात-आठ, भिंतीवर फोटोंच्या फ्रेमा होत्या तिथे उरलेले फिकट चौकोन. तिने स्वतः बाजूला टाकलेल्यांच्या ढिगात एक होता, चपलांचा, सरळ वरून घेतलेला. तिला तो कुरूप वाटला होता. ऊन नाही, उंबरा नाही, काही नाही. नुसती फरशी आणि चपला. फरशी स्वच्छ झाडलेली, आणि चपलांच्या कडेने मात्र धुळीची एक बारीक रेघ. केरसुणी रोज त्यांच्या भोवतीने फिरली होती.

तिने तो मधे ठेवला आणि हात मागे बांधून गप्प उभी राहिली. 'पुष्कळ बघितलीत' म्हणणाऱ्या मुलासकट सगळ्यांनाच तिची गोष्ट आठवत होती म्हणून मी त्यांना गप्प बसवलं, आणि शेजारच्या वर्गातल्या, काहीच माहीत नसलेल्या एका मुलाला बोलावून आणलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "या चपला कुणी उचलत का नाही?"

अशा दिवशी वाटतं, आपल्याला शिकवता येतं. पण दुसरेही दिवस आहेत.

काही वर्षांपूर्वी एका तुकडीचं प्रदर्शन आम्ही वर्गातच भिंतींवर लावलं होतं. मी छाती फुगवून फिरत होतो. माझा एक जुना मित्र आला, भिंतीभिंतीने सावकाश फिरला आणि त्याने निरागसपणे विचारलं, "हे सगळे तुझेच ना?" तो चेष्टा करत नव्हता. मी पुन्हा बघितलं. सोळा जणांचे फोटो, आणि जिकडेतिकडे एका बाजूने आलेला उजेड, दाट सावली, दूरवर एकटं माणूस. माझी सावली, माझं एकटं माणूस. असं करा म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त असा फोटो टेबलावर आला की माझ्या तोंडून नकळत 'वा' निघे, आणि बाकीच्या फोटोंना निघत नसे. मुलं चाणाक्ष असतात. टीकेने माणूस चिडून तरी उठतो. 'वा'ने तो अलगद तुमच्या पावलावर पाऊल टाकू लागतो. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लिझेट मॉडेल नावाची छायाचित्रकार शिकवत असे, पुढे स्वतः नावाजलेली छायाचित्रकार झालेली डीॲन आर्बस तिची विद्यार्थिनी. दोघींचे फोटो शेजारी ठेवून मी बघतो. शिष्येवर गुरूचा शिक्का कुठे दिसत नाही. तिच्या वर्गात 'वा' कधी म्हटलं जात असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

त्या तुकडीत एक सतरावा मुलगा होता. त्याचे फोटो हललेले, क्षितिज कललेलं, फ्लॅश समोरून थेट तोंडावर मारलेला. मी दर आठवड्याला तेच तेच सांगत असे: हात स्थिर ठेव, फ्लॅश बंद कर. पाचव्या आठवड्यापासून तो यायचा थांबला. त्याची एक प्रिंट माझ्या खणात राहून गेली. एक मुलगी हसतेय, डोळे अर्धे मिटलेले, केस हवेत, हात चौकटीबाहेर गेलेला. तंत्राच्या दृष्टीने सगळं चुकलेलं. ती प्रिंट मी अधूनमधून बाहेर काढतो, आणि दर वेळी त्या हसण्याचा आवाज ऐकू येतो. तिथे काय चाललं होतं हे मला कुणीही सांगितलेलं नाही. त्याच्या फोटोत ते आलं होतं. टेबलाच्या अलीकडे जो बसला होता त्याला ते दिसलं नाही.

तेव्हापासून पाच मिनिटांचा नियम मी मलाही लावून घेतलाय. मुलांचं बोलणं संपेपर्यंत मी चेहरासुद्धा कोरा ठेवतो. जमत नाही नेहमी.

आणखी एक छोटा जाच मी करतो: कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनला चिकटपट्टी. आठवडाभर, दिवसाला ३६ फोटो, काढलेला फोटो बघायचा नाही. मोबाइलवाल्यांनी शेजाऱ्याच्या भरवशावर. सरांच्या पत्र्याच्या डब्याची ही गरिबाघरची आवृत्ती. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचे हात सवयीने फोटो काढला की खाली येतात, आंधळ्या चौकोनाकडे बघतात, पुन्हा वर जातात. तिसऱ्या दिवशी खाली येणं थांबतं. फोटो काढल्यावरही नजर समोरच राहते, आणि बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतरच्या क्षणाला घडत असते.

डब्यावरून आठवलं. सर गेल्यानंतर त्यांच्या सामानातला तो डबा माझ्याकडे आला. आत एकच रोल होता. चिकटपट्टीवर त्यांच्या अक्षरात तारीख आणि माझं नाव. महिना उलटूनही मी तो न्यायला विसरलो होतो, आणि मग पंचवीस वर्षं गेली. ओळखीच्या एका डार्करूमवाल्याच्या मदतीने तो धुतला. बहुतेक फ्रेमा वयाने धुरकटल्या होत्या. चार-पाच उमटल्या, आणि त्यांतल्या एकीने मला कोड्यात टाकलं. कडेने चौकटीत शिरलेला एक हात, मनगटापर्यंतच. तळवा उघडा, आत एक लहानशी गोल वस्तू. मागे सगळं अंधुक, झाड असेल, नाहीतर भिंत. हात मी ओळखला, अंगठ्यावरच्या डागावरून. वस्तू बहुधा प्रकाशमापक. पण मी काय काढत होतो, कुठे उभा होतो, त्यांनी हात मधे का घातला, यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

मागच्या आठवड्यात ती प्रिंट मी वर्गात टेबलावर ठेवली. कुणाची आहे ते सांगितलं नाही. माझ्या खुर्चीत बसलो आणि घड्याळ लावलं.

एक जण म्हणाला, कुणीतरी काहीतरी देतंय. दुसरी म्हणाली, देत नाहीये, थांबवतंय. त्यावर दोघांची जुंपली. चपलांवाल्या मुलीने काही न बोलता प्रिंट उचलली, डोकं खाली पाय वर अशी उलटी धरली आणि बघत राहिली. हे तिला मी कधीच शिकवलेलं नाही.

"सर," ती म्हणाली, "हात कुणाचा आहे?"

मी घड्याळाकडे बोट केलं. अजून साडेतीन मिनिटं होती.